डावीकडचे टाळ

महाळुंग्यात मी ज्या घरी भाड्यानं राहतो, ते घर मूळ गावकऱ्यांचं. शेत होतं तिथं आता खोल्या आणि गोडाऊन. मालकांच्या थोरल्या मुलाला मी दादा म्हणतो. वयानं तो माझ्याएवढाच, पण मी परभणीकडचा, कुणाच्या छपराखाली राहायचं तर मान द्यावा असं शिकलेला. दादानं वरच्या मजल्यावर रेकॉर्डिंगचा छोटा स्टुडिओ काढला होता. आसपासची भजनी मंडळं यायची. पुढं त्याला मुलगी झाली, ती खोली घराला लागली, आणि एका गुरुवारी, म्हणजे इथल्या कंपन्यांच्या सुट्टीच्या दिवशी, तो दोन काळे स्पीकर काखेत मारून माझ्या दारात उभा राहिला.

"भावा, हे तुला. माझ्याकडं निस्ती धूळ खात्यात."

"मला कशाला दादा एवढं भारी? मी मोबाईलवर ऐकतो की."

"मोबाईलवर ऐकतो म्हणूनच देतोय. गप धर."

ते स्टुडिओचे मॉनिटर, म्हणजे रेकॉर्डिंग तपासायचे स्पीकर होते. त्यानंच दोन प्लॅस्टिकच्या स्टुलांवर मांडून दिले, तोंडं माझ्या खुर्चीकडं वळवून, बरोबर कानाच्या उंचीला. म्हणाला, "हे गाणं गोड करून सांगत न्हाईत. जे हाय तेच दावत्यात. सुरुवातीला आवडणार न्हाई तुला."

खरंच आवडले नाहीत. आमच्या गल्लीतल्या डीजेच्या डब्ब्यांची धडधड यांच्यात नव्हती. पण आठवडाभरात गायकानं घेतलेला श्वास ऐकू यायला लागला, पेटीवाल्याच्या बोटांची टकटकसुद्धा. आठवीत शाळा सोडल्यापासून मला कुणी इतकी चांगली वस्तू दिली नव्हती. रोज कंपनीतून आलो की आधी त्यांच्यावरचा पंचा काढायचो, मग हातपाय धुवायचो.

एकच अडचण होती. डावा स्पीकर मंद वाटायचा. सगळं गाणं उजवीकडं कललेलं. प्रत्येकाच्या पाठीमागं आवाजाचं वेगळं बटण असतं, तर मी डाव्याचं थोडं वाढवलं. महिन्याभरानं आणखी थोडं. तिथंच बारीक आवाज वाढवायचा एक खटका होता, तोही वर केला. दादाला बोललो नाही. दिलेल्या वस्तूत खोट कशी काढायची? आणि काढली, तर तो म्हणेल, याच्या हाताला लागला आणि बिघडला. त्या भीतीनं मी तो पुसतानाही जपून पुसायचो.

इथं माझ्या कामाचं सांगायला हवं. मी प्रेस शॉपला आहे. पत्रा सरकवायचा, प्रेस खाली येते, डायमधून, म्हणजे कापायच्या साच्यातून, पार्ट कापून पडतो. डायची धार गेली की पार्टच्या कडेला बारीक काटे येतात, त्याला आम्ही बर म्हणतो. बर डोळ्यांना दिसेपर्यंत शेकडो पार्ट वाया गेलेले असतात. पण त्याआधी प्रेसचा आवाज बदलतो. धप्प असतो, त्यात एक बारीक चरचर मिसळते. मला ती ऐकू येते. फोरमनला सगळे मामा म्हणतात. त्यांनी मला कागदपत्रं न बघता ठेवून घेतलं ते याच्यावरच. नवा होतो तेव्हा त्यांनीच सांगितलं होतं, "दोन्ही कानांत प्लग घातलेस तर डाय काय बोलते ते कळायचं न्हाई. मशीनकडचा कान उघडा ठेव." मशीन माझ्या डाव्या हाताला. नऊ वर्षं मी प्लग फक्त उजव्या कानात घातला. मामा पाहुण्यांना दाखवायचे, "ह्या पोराचा कान बघा." मला तेवढ्यावर महिनाभर झोप चांगली लागायची.

अलीकडं मात्र दोनदा माल तपासणाऱ्या क्वालिटीवाल्यांनी पार्टनी भरलेली अख्खी बिन बरमुळं परत पाठवली होती. मामा म्हणाले पत्रा खराब असेल. मीही म्हणालो, पत्राच.

तर एका गुरुवारी दुपारी दादा चहाला आला. सोबत पेन ड्राइव्ह. "आमच्या मंडळाचं रेकॉर्डिंग हाय, मीच केलेलं. चुलते हायत टाळाला." माझ्या खुर्चीत बसला, गाणं लावलं, आणि एकदम कानावर हात ठेवला.

"आरं ए! हे काय करून ठिवलंयस? डावीकडचा कवटी फोडतोय!"

मी म्हणालो, "दादा, मी काही केलं नाही. तो आधीपासूनच मंद होता. मी सांगणार होतो."

"मंद? ह्यो?" त्यानं पाठीमागं वाकून बटणं पाहिली आणि हसत सुटला. "येडा का खुळा रं तू?" दोन्ही सारखी केली. "आता बस."

मी बसलो. पखवाज होता, पेटी होती, उजवीकडं वीणा.

"चुलते ऐकू येत्यात का?"

"कुठायत?"

"डावीकडं. सगळ्यात पुढं त्येच हायत राव!"

डावीकडं काहीतरी थपथपत होतं, पोत्यात घालून वाजवल्यासारखं. त्याला टाळ कोण म्हणेल? दादानं स्पीकरांची अदलाबदल केली. तार काढली, पुसली, परत लावली. तरी तसंच. तो खुर्चीच्या मागं उभा राहिला, एकदा स्पीकरकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग हळूच म्हणाला, "पाठमोरा बस जरा."

मी खुर्ची फिरवली. तोंड भिंतीकडं, पाठ गाण्याकडं. आणि उजव्या कानाशी टाळ खणखणले. एक एक ठोका, त्यामागचा झंकार, सगळं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत ऐकत राहिलो.  शेवटी दादानं आवाज बंद केला आणि म्हणाला, "स्पीकर चांगला हाय भावा."

पुढच्या गुरुवारी तोच मला गाडीवर बसवून संत तुकाराम नगरकडं कानाच्या डॉक्टरांकडं घेऊन गेला. एका काचेच्या खोलीत बसवून शिट्ट्या ऐकवल्या. ऐकू आली की बटण दाबायचं. डाव्या कानाला कितीतरी वेळ मी बटणावर नुसता अंगठा ठेवून बसलो. बाहेर डॉक्टरबाईंनी तपासणीचा कागद दाखवला. गेलेलं परत येत नाही म्हणाल्या. राहिलंय ते सांभाळा, दोन्ही कान झाका. मी विचारलं, "मॅडम, बारीक चरचर असेल तर ती?" त्या म्हणाल्या, "तेच तर गेलंय."

दुसऱ्या दिवशी मामांना बाजूला घेऊन सांगितलं. ते ऐकताना मान तिरकी करून उजवा कान पुढं करत होते. ही त्यांची सवय मी नऊ वर्षं बघतोय, तिचं कारण त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"साहेबांना सांगू का?" ते म्हणाले. "सांगतो. मशीनवरून काढून तुला पॅकिंगला टाकत्याल. तिथं आता दहावीचं सर्टिफिकेट मागत्यात. हाय का?"

"नाही मामा."

"मग?"

त्या 'मग'मध्ये राग नव्हता, हेच अवघड होतं. मी दोन्ही कानांत प्लग घालून मशीनला लागलो. छातीत धप्प धप्प जाणवत होतं, बाकी शांत. जेवणाच्या सुट्टीआधी क्वालिटीवाला बिन ढकलत आला. सगळ्या पार्टना बर. मामा त्याच्याशी बोलले, चूक स्वतःवर घेतली, आणि माझ्यापाशी येऊन उभे राहिले. कानापाशी तोंड आणून म्हणाले, "मी तुला प्लग काढ म्हणत न्हाई हां. ते मी म्हणणार न्हाई." खांद्यावर हात ठेवला आणि गेले.

डाय बदलली. जेवण झालं. नवा पत्रा आला. डावा कान उघडून आता उपयोग नव्हता, त्यानं ऐकायचं ते ऐकून झालं होतं. मी डाव्यातला प्लग तसाच ठेवला, उजव्यातला काढून खिशात टाकला आणि उजवा कान मशीनकडं येईल अशी मान वळवून उभा राहिलो. शिफ्ट संपायला तासभर होता तेव्हा धप्पमध्ये चरचर आली. लख्ख. मी प्रेस थांबवून हात वर केला. मामांनी लांबूनच मान डोलावली, आणि मला, खरं सांगतो, फार बरं वाटलं.