रोडवरचा नाला सुमनकाकूंनी वळवला

मंडळी, आज सकाळी पांढुर्ण्यात आमच्या गल्लीतल्या सिमेंट रोडवर आम्ही नकाशा पाहून निळी रेघ रंगवून राहिलो होतो. खाली बुजलेला नाला लोकांना वरून दिसावा म्हणून.

रेघ शेजारच्या सुमनकाकूंच्या दारापुढं आली अन् काकू भडकल्या. "काय करून राहिले रे? नाला असा सरळ जाते का बापा?"

त्यांनी ब्रशच हिसकला अन् रेघ कडुनिंबाकडं वळवली. "इथून जात होता. माह्या पोरीच्या भुलाबाईची मातीची मूर्ती इथंच पाण्यात शिरवली ना मी!"

आमचा नकाशा गेला खड्ड्यात.

रंग वाळल्यावर काकू घरी निघाल्या. रेघेपाशी थांबल्या, साडीच्या निऱ्या वर उचलल्या अन् मगच पलीकडं पाय टाकला.

घरी विचारा बरं, तुमच्या रोडखालून काय वाहून राहिलं?