तुरटीची रविवारची सुट्टी

कसे आहात सगळे? घुग्घुसच्या सुधाताई, खोकला बसला का? मुलचेऱ्याचे बिस्वासबाबू, गुडघा काय म्हणतो? आणि आमची नागपूरची सूनबाई, बाळाचा ताप उतरला ना? मी बरा आहे. आज तर जीव भांड्यात पडलाय, म्हणूनच लिहायला बसलो.

आमच्या गावच्या मुलींच्या वसतिगृहाचं सांडपाणी साफ करून तलावात सोडतात. ते टाकं मी सांभाळतो. साबणातलं, मोरीतलं फॉस्फेट पाण्यात विरघळलेलं असतं, जाळीत काही अडकत नाही. तलावात गेलं की शेवाळाला खतच मिळालं म्हणा...

म्हणून तुरटीचं पाणी पंपानं सोडायचं. आधी जोरात ढवळायचं, मग हळूहळू. फॉस्फेट तुरटीला धरतं, पांढुरक्या गुठळ्या होतात आणि बुडाशी बसतात.

तरी तलाव हिरवागार. पहाटे मासे हवेसाठी वर येऊन तोंड उघडायचे. मासे माझ्या दोस्ताचे, शामरावचे. वर्षभराचं पोट त्या पाण्यावर. टपरीवर तो माझ्याकडे पाठ करून बसायला लागला.

मलाही राग आला. म्हटलं, चल, डोळ्यांनी बघ माझं पाणी. माझी सुट्टी रविवारची, म्हणून रविवारी सकाळीच घेऊन गेलो.

बघतो तर काय... वसतिगृहाच्या हौदावर झाडून सगळ्या पोरी आठवड्याचे कपडे धुताहेत. फेस नालीतून टाक्यात, टाक्यातून तसाच तलावात. आणि तुरटीचा पंप बंद. शनिवारी संध्याकाळी मीच बंद केलेला, नेहमीसारखा. तपासणीवाले यायचे कामाच्या दिवशी, त्यामुळे रिपोर्ट कायम चांगला...

शामरावनं फेसाकडे बोट दाखवलं. मग म्हणाला, “काऊन भाऊ, तुमची तुरटी बी रविवारची सुट्टी घेते का?”

पंपाची चावी खिशातच होती. तिथल्या तिथे पंप सुरू केला. आता रविवारी मी हजर असतो. माझी सुट्टी बुधवारी, त्या दिवशी पंप चौकीदार बघतो.

तलाव काही लगेच निवळला नाही. हिरवा थर हळूहळू फाटत गेला. आज पहाटे शामराव मला तलावाच्या पाळीवर, बांधावर घेऊन गेला. पाण्यावर एकही तोंड दिसलं नाही.

मग टपरीवर तो बाकावर जरा सरकला, मला जागा केली. एवढंच... पण चहा आज फार गोड लागला.

तुमच्याकडे धुण्याचं पाणी कुठं जातं हो? बघून लवकर लिहा. वाट पाहतोय.