नारळपाण्यातले रॉड

आमच्या घरातली तलवार म्यानाबाहेर आलेली मी कधी पाहिली नाही. गंजून ती म्यानाशी एकजीव झाली आहे. तरी दर आयुधपूजेला काका तिला हळदकुंकू वाहतात आणि म्हैसूरच्या राजासाठी पूर्वजांनी केलेल्या पराक्रमावर बोलतात. पराक्रम दरवर्षी थोडा वाढतो. इतिहासात बी.ए. करून मी नंजनगूडच्या एका कारखान्यात वेल्डिंगची अप्रेंटिस झाले, तेव्हा ते म्हणाले, "अय्यो, शिपायांचं घराणं ना आपलं, अल्वा! पोरगी पत्रे जोडणार?"

"तलवारही कुणा लोहारानंच केली असेल, काका."

शिकताना स्टायपेंड मिळत होता. घरात वाद घालण्यापुरता तो पुरेसा होता.

सहा महिन्यांनी चाचणी होती. दोन प्लेटा जोडायच्या, त्यातली पट्टी कापून प्रेसमध्ये वाकवायची. सांधा उघडला तर नापास. दोनदा नापास झालेल्याला पॅकिंगला पाठवत. मला खोकी भरायची नव्हती.

चाचणीच्या आधी आयुधपूजा आली. कारखान्यात प्रत्येकाने आपलं हत्यार देवीपुढे मांडलं. कुणी हातोडा, कुणी ग्राइंडर. माझं स्वतःचं म्हणावं असं काहीच नव्हतं. चाचणीसाठी माझ्या नावाने आलेला वेल्डिंगच्या रॉडचा पुडा तेवढा होता. मी तो फोडला आणि रॉड पंख्यासारखे पसरून ठेवले. साहेबांनी श्रमाच्या पावित्र्यावर अर्धा तास भाषण केलं, नारळ फोडला, पाणी सगळ्यावर शिंपडलं. मी भाषणाला मनातल्या मनात हसत होते. पाण्याकडे माझं लक्ष नव्हतं.

सुट्टीनंतर चाचणीला तेच रॉड लावले, तर तडतड सुरू झाली. वर जमलेली स्लॅगची खपली झाडल्यावर सांध्यावर भोकंच भोकं. आम्हाला शिकवणारे मेस्त्री कानडीत म्हणाले, "अम्मा, ही प्रेसपर्यंत न्यायलाच नको. इडली झालीय. हात थरथरला असेल. उद्या दुसरी वेळ."

हात थरथरला नव्हता. जेवणाच्या सुट्टीत उरलेले रॉड उजेडात धरले. त्यांच्यावरच्या लेपावर ओलीचे डाग. रॉड कोरडे हवेत, हे पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं. मी ते वहीत दोनदा अधोरेखित केलं होतं.

"मेस्त्री, हात नाही, रॉड. मीच पूजेत उघडे ठेवले. नवा पुडा द्या."

"पूजेचा पुडा टाकायचा? साहेबांना काय सांगू?"

"या पोरीने गाढवपणा केला म्हणा."

"ते मी रोजच सांगतो," म्हणून ते स्टोअरकडे निघाले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने गेले. नवे रॉड ओव्हनमध्ये भाजायला घातले आणि दूध तापत ठेवल्यासारखी तिथेच उभी राहिले. मग घाई न करता एकेक थर भरला, प्रत्येक थरानंतर स्लॅग झाडून भोक शोधलं. सापडलं नाही. प्रेसमध्ये पट्टी पार वाकली. सांधा उघडला नाही. मेस्त्रींनी त्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि म्हणाले, "हं." त्यांच्या मानाने ते लांबलचक भाषण होतं.

ओला पुडा त्यांनी माझ्या हातात दिला. "घरी ने. प्रसाद आहे."

तो आता तलवारीशेजारी आहे. दोन्ही वापरण्याजोगी नाहीत, म्हणून काका दोन्हींना सारखाच मान देतात. यंदा कारखान्यात देवीपुढे मी हेल्मेट ठेवणार आहे. ते पुसता येतं.