काळ्या पट्ट्यांखालचं नाव

हिमेना बर्राझाच्या घरात कोर्टाचा विषय कुणी काढत नसे. ती आठ वर्षांची असताना तिच्या वडिलांच्या, एउसेबिओच्या, डाव्या हाताची दोन बोटं पेकनची, म्हणजे अक्रोडासारख्या फळाची, टरफलं फोडणाऱ्या मशीनमध्ये गेली. मशीन बनवणाऱ्या कंपनीवर त्याने दावा लावला आणि तो हरला. तेव्हापासून घरात एकच गोष्ट सांगितली जाई. दात्यांवरचं झाकण मुळातच ढिलं होतं, ते आपोआप गळून पडलं, आणि कोर्टाने पैसेवाल्यांची बाजू घेतली.

त्यामुळे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला हिमेनाने न्यायाधीशांच्या दालनातल्या फेलोशिपचा अर्ज भरला, तो घरी चोरून. वकिलीला अजून प्रवेशही न घेतलेल्या मुलांना उन्हाळाभर न्यायाधीशांच्या हाताखाली काम करायला मिळायचं. जागा दोनच. तिला परीक्षेला बोलावल्याचं पत्र आलं ते नेमकं आईच्या हाती पडलं.

"कोर्टात?" रोसारिओ तव्यापाशीच थबकली. "त्याच कोर्टात? बापाच्या हाताकडे बघ एकदा, आणि मग जा!"

"आई, आता न्यायाधीश वेगळ्या आहेत."

"इमारत तीच आहे ना?"

एउसेबिओ खाली मान घालून जेवत होता. "जाऊ दे तिला, चायो," एवढंच तो बायकोला म्हणाला आणि बीन्स तशीच टाकून उठला. बापाने आपली बाजू घेतली, असंच हिमेनाला वाटलं.

परीक्षा ज्युरीच्या खोलीत होती. लांब टेबलाभोवती सहा उमेदवार बसले होते. न्यायाधीश सेडिलोंची सहायक वकील नोरीन हॅचर हिने प्रत्येकापुढे एकेक जाड गठ्ठा ठेवला.

"जुनी, निकाल लागलेली केस आहे. नावं झाकली आहेत. दोन्ही बाजू स्वतःच्या शब्दांत मांडा, मग कोणती भारी वाटते ते लिहा. दोन तास. बोलायचं नाही."

तिसऱ्या पानावर 'पेकन' शब्द आला. त्यात काही विशेष नव्हतं. या खोऱ्यात अर्धे दावे पेकनवरून नाहीतर पाटाच्या पाण्यावरून. पाचव्या पानावर आलं, डावा हात, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. हिमेनाने पाण्याचा घोट घेतला. नवव्या पानावर जखमी कामगाराच्या कुटुंबाची माहिती होती. पत्नीच्या नावावर काळी पट्टी, मुलीच्या नावावर काळी पट्टी, आणि पुढे 'वय आठ'.

तिथेच थांबायला हवं होतं. पण हाताने पानं उलटली. बाराव्या पानावर शपथेवरचा जबाब होता.

'प्रश्न : झाकण कुणी काढलं?

उत्तर : मी.

प्रश्न : का?

उत्तर : झाकण लावलं की मशीन सारखं अडकायचं. पाळी संपेपर्यंत माल उरकायचा नाही.

प्रश्न : काढायला कुणी सांगितलं होतं?

उत्तर : सांगितलं नव्हतं. सगळेच काढायचे.'

तिने ते तीनदा वाचलं. शेजारच्या मुलाचं पेन सरासरा चाललं होतं. तिनेही लिहायला घेतलं. कुणाला कळणार होतं? उलट या सहांत ही केस तिच्याइतकी कुणालाच ठाऊक नव्हती. एक परिच्छेद झाला. दुसरा झाला. मग तिने दोन्ही वाचले, उभी रेघ मारून खोडले आणि खुर्ची मागे सारली.

"पाणी हवंय?" हॅचरने विचारलं.

"नाही, मॅडम. ही माझ्या वडिलांची केस आहे."

पाचही पेनं थांबली.

हॅचर तिला न्यायाधीशांच्या दालनात घेऊन गेली. न्यायाधीश ऑरेलिया सेडिलो साठीच्या, बारीक चणीच्या. त्यांनी तिला बस म्हटलं नाही.

"नावं तर झाकलेली आहेत. कसं ओळखलंस?"

"आठ वर्षांची मुलगी. ती मी."

"कुठवर वाचलंस?"

"बाराव्या पानापर्यंत."

त्यांनी चष्मा काढला. "लिहून टाकायचंस. आम्हाला पत्ता लागला नसता."

"लिहिलं होतं. पहिल्या परिच्छेदात वडिलांना वाचवत होते, दुसऱ्यात झोडपत होते. दोन्ही खोटं होतं."

"निकाल बरोबर होता?"

"मला नाही सांगता येणार. आज तरी नाही."

न्यायाधीशांनी चष्मा पुन्हा लावला. मग हॅचरला म्हणाल्या, "हिला दुसरी फाइल दे. वेळ मात्र वाढवायचा नाही, बाकीच्यांवर अन्याय होईल."

उरली होती पन्नास मिनिटं. फाइल होती दोन शेजाऱ्यांच्या पाटाच्या दारावरच्या भांडणाची. हिमेनाची एक बाजू पुरी झाली, दुसरी अर्धवट राहिली आणि घंटा वाजली. शेवटी तिने घाईने एक ओळ लिहिली : 'दुसरी बाजू पुरती वाचून झाली नाही, म्हणून मत देत नाही.'

घरी एउसेबिओ अंगणात गुडघे मोडून बसून कूलरची जाळी धूत होता. आई कामावर होती.

"कसं झालं, पोरी?"

"झाकण तुम्ही काढलं होतं, पापा."

पाण्याची नळी तशीच वाहत राहिली. त्याने ती बंद केली नाही, आणि 'कुणी सांगितलं' असंही विचारलं नाही.

"तिथे शपथ घातली होती मला," तो म्हणाला. "देवाची शपथ घेऊन खोटं कसं बोलणार?"

"आणि घरी?"

"घरी कुणी शपथ घातली नव्हती." तो नजर चुकवून बोलत होता. "तुझी आई कोर्टात आली नव्हती. मी डावखुरा, ती तेव्हा मला हाताने भरवायची. कंपनीला शिव्या देत देत भरवायची. तिला कुठल्या तोंडाने सांगू, की माझंच मी केलं? मग दिवस गेले. मग वर्षं गेली."

"आता सांगा."

"तूच सांग ना. तुला नीट बोलता येतं."

"मी नाही. तुम्ही."

तिने नळी उचलून बंद केली आणि आत गेली.

त्याने चार दिवस घेतले. रविवारी, चर्चमधून आल्यावर, स्वयंपाकघराचं दार लावून त्याने रोसारिओला सांगितलं. बाहेर हिमेनाला फक्त आईचा आवाज आला, "पोरीला कोर्टात कळतं, आणि मला माझ्या घरात नाही?" त्यानंतर आठवडाभर ती त्याच्याशी बोलली नाही. ताट पुढे ठेवायची आणि बाहेर जायची.

त्याच दिवसांत हॅचरचा फोन आला. "तुझा नंबर तिसरा. जागा दोन आहेत, माहीत आहे ना तुला?" हिमेनाने आभार मानले, फोन ठेवला आणि न्हाणीघरात जाऊन रडली. मे महिन्यात पुन्हा फोन वाजला. पहिल्या नंबरच्या मुलाला दुसरीकडे काम मिळालं होतं.

जूनच्या पहिल्या सोमवारी एउसेबिओ तिला ट्रकमधून सोडायला आला. मधल्या सीटवर रोसारिओ बसली होती, तोंड अजून जरा फुगलेलं, मांडीवर फॉइलमध्ये गुंडाळलेले बुरिटो.

"मी आत येऊ का?" त्याने विचारलं.

"नको, पापा."

"बरं." तो खाली मात्र उतरला, तिच्या बाजूचं दार उघडलं, आणि तीन बोटांच्या हाताने तिची कॉलर सरळ केली.