शेवटचं मंगलाष्टक

आमच्या भावकीत लग्न निघालं की शेवटचं मंगलाष्टक मीच म्हणणार, हे ठरलेलं. माइक नको, कागद नको. चारही ओळी एका दमात म्हणून मी 'सावधान' असं काही ओढायचो की घनसावंगीच्या स्टँडवरचे जीपवालेसुद्धा सावध व्हावेत. देह मोठा म्हणून आवाज मोठा, असं मी अभिमानानं सांगायचो. साखर आणि बीपीही मोठेच होते, ते मात्र सांगत नव्हतो.

मग कोरोना झाला. ताप उतरला, ऑक्सिजनची पाळी आली नाही, आणि सुटलो एकदाचा म्हणून मी पेढे वाटले. पण दम काही परत येईना. मळ्यातल्या विहिरीपर्यंत गेलो तरी बांधावर बसावं लागे. असे महिने गेले आणि पुतणीचं लग्न ठरलं. 'माझ्या लग्नात काकाच म्हणणार' असं तिनं लहानपणापासून बजावून ठेवलेलं. इकडे काकाची देवापुढची आरतीसुद्धा पुरी होत नव्हती. मला मनातून फार भीती वाटायला लागली.

अशक्तपणावर आमच्या जालन्याकडे एकच इलाज, मोसंबी. भेटायला येणारा प्रत्येकजण पिशवी घेऊनच यायचा. बायको सकाळ-संध्याकाळ तांब्याभर रस पाजायची, वर डिंकाचा लाडू. मी रोज खात होतो आणि रोज जास्तच थकत होतो.

शेवटी तालुक्याच्या डॉक्टरांनी साखर तपासली आणि कपाळाला हात लावला.

"कोरोना सगळ्यांकडंच आल्ता," ते म्हणाले. "पण पोटावर चरबी, वाढलेली साखर, बीपी, अशा अंगात आधीच आतून बारीक सूज असती. तिथं हा आजार मागं रेंगाळायची भीती जास्त. अन् तुमी त्याला वरून रस पाजून राह्यले!"

"मंग जाईल कधी?"

"खात्री न्हाई देत. पण वजन अन् साखर तुमच्या हातात हाय. चाला, पण दम लागायच्या आधी थांबा."

बायकोनं लाडवांचा डबा त्याच दिवशी शेजारी देऊन टाकला. शेजाऱ्याला ना साखर ना बीपी, त्यामुळे तो फारच खूश झाला. मी भाकरी, मेथीची भाजी आणि चिडचिड यांवर दिवस काढले. हळूहळू पँट सैल झाली, साखर उतरली, वाटेत न बसता विहीर गाठता येऊ लागली. पूर्वीचा दम मात्र आला नव्हता.

लग्नाच्या दिवशी अंतरपाट धरला गेला, गुरुजींची मंगलाष्टकं झाली आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पहिली ओळ छान गेली. दुसरीही गेली. तिसरीच्या मध्यावर छाती रिकामी झाली. मी तोंड उघडून नुसता श्वास ओढत राहिलो. मांडवाला वाटलं, संपलं! धडाधड अक्षता पडल्या, बँडवाल्यांनी ताशा बडवायला सुरुवात केली, नवरदेवानं हार उचलला.

"बँड बंद करा!" अंतरपाटामागून नवरीच ओरडली. "काकाचं अजून झालं न्हाई!"

ताशा थांबला. नवरदेवानं हार मुकाट्यानं खाली घेतला. गुरुजी घड्याळ बघू लागले, तशी ती म्हणाली, "काका, सावकाश दम घ्या. मी कुटं पळून चाल्ले?"

मांडवभर हशा पिकला. मी हसलो, रडलोही, आणि पोटभर श्वास घेऊन उरलेली दीड ओळ म्हटली.