ओट्याची उंची

जगात टाकाऊ असं काहीच नसतं, यावर आमच्या घरमालक काकांइतकी श्रद्धा असलेला माणूस सबंध मराठवाड्यात सापडणार नाही, आणि त्या श्रद्धेपायी काकूंइतकं सोसलेली बाईही सापडणार नाही. लासूर स्टेशनहून कॉलेजसाठी मी या शहरात आलो, तेव्हा उस्मानपुऱ्यातल्या त्यांच्या घराची मागची खोली भाड्याने घेतली. मेंढ्यांमागे फिरणं सोडून पुस्तकांमागे लागलेला आमच्या घरातला मी पहिलाच. पुढे पदवी मिळाली, नोकरी लागली, तरी ती खोली माझ्याच्यानं सोडवत नाही, कारण परीक्षेच्या दिवसांत काकूंनी दाराशी आणून ठेवलेल्या गरम भाकरीची चव अजून जिभेवर आहे. काकांबद्दल जे लिहितो आहे ते त्या भाकरीला स्मरूनच लिहितो आहे. पण लिहिणार आहे.

काका एका शाळेत प्रयोगशाळा सहायक होते. निवृत्त होताना इतरांना शाल आणि नारळ मिळतो. काकांनी शाल-नारळाबरोबर तडा गेलेल्या काचेच्या नळ्यांचं एक खोकंही मागून आणलं. त्यांच्या घरात कुठलीही वस्तू एकदा मरत नाही. छत्री मोडली की तिच्या कापडाची मिक्सरला टोपी होते आणि काड्यांवर दोडक्याचा वेल चढतो. एकदा माझी फुटकी बादली मी कोपऱ्यावरच्या कचऱ्यात टाकून आलो. आठवड्याने ती माझ्याच दाराशी उभी होती, आत कोरफड लावलेली. वर काका म्हणाले, "शिकलेली पोरं तुम्ही. वस्तूचा स्वभाव वळखता येत नाय, मग शिकून काय केलं?" मला तेव्हा खरंच अपराधी वाटलं. कोरफडीलाही फार बरं वाटत नसावं, कारण ती महिन्याभरात वाळली.

अशा माणसाच्या घरचं स्वयंपाकघर कसं असेल ते सांगायला नको. कडाप्प्याचा ओटा मधोमध तडकलेला, भांडी घासायला कोपऱ्यात खाली मोरी, आणि डब्यांची एकुलती एक फळी थेट छताजवळच्या माळ्याला लागून. काका ताडमाड उंच, आणि काकूंचा अंबाडा जेमतेम त्यांच्या कोपराशी येणारा. त्यामुळे दिवसातून चारदा आतून हाक यायची, "अवो, तेवढा डबा काढून द्या." बाहेरच्या खोलीत पेपर आपटल्याचा आवाज व्हायचा. "माझ्यावाचून ह्या घरात साधे पोहे व्हत नाय!" असं सगळ्या गल्लीला ऐकवत काका आत जायचे आणि डबा काढून द्यायचे. डबा देऊन झाल्यावर आपण किती कामात होतो ते सांगायचे. काम म्हणजे शब्दकोडं.

नाशिकला दिलेली लेक दिवाळीला आली आणि तिनं मोबाइलवर नव्या पद्धतीच्या स्वयंपाकघरांचे फोटो दाखवले. काकूंनी ते देव्हाऱ्यातली तसबीर पाहावी तसे पाहिले आणि म्हणाल्या, "मला ह्यातलं काय बी नको. नीट उभं राहून भाकरी थापता येईल असा ओटा द्या, बास." काकांनी लगेच जबाबदारी घेतली. थोडक्या पैशात काम करून दाखवतो म्हणाले, तेव्हाच मी मनातल्या मनात काकूंसाठी हात जोडले.

त्याच सुमारास काकांच्या जुन्या शाळेनं प्रयोगशाळेतली लाकडी टेबलं भंगारात काढली. काकांनी त्यातलं एक हातगाड्यावर घालून आणलं आणि तडकलेला ओटा काढून तिथं बसवलं. सागवानी, दणकट, मधे चिनी मातीचं खोल बेसिन आणि हंसाच्या मानेसारखा वाकलेला नळ. त्या नळाचं तोंड इतकं बारीक की पाणी भाल्यासारखं यायचं; तांब्याखाली धरावं तर अर्धं पाणी तांब्यात आणि अर्धं काकूंच्या अंगावर. ज्या शहरात नळाला पाणी येतं तो दिवस सणासारखा पाळतात, तिथली ही चैन. मसाल्याच्या डब्याच्या जागी तपकिरी बाटल्या आल्या. त्यांवर काकांच्या वळणदार अक्षरात चिठ्ठ्या: 'हळद. पिवळी पूड. पाण्यात विरघळत नाही.' हिंगाच्या बाटलीवर 'हुंगू नये'. चमचे परीक्षानळ्यांच्या स्टँडमध्ये. टेबलावर कुठल्याशा विद्यार्थ्यानं करकटकाने 'सुन्या' असं नाव कोरलेलं होतं, ते पिठात उमटायचं. कित्येक दिवस मी सुन्याच्या नावाची पोळी खाल्ली.

पण ते टेबल होतं उभ्यानं प्रयोग करणाऱ्या, ताठ मानेच्या पोरांसाठी केलेलं. काकूंच्या ते थेट छातीशी यायचं. गॅसवरच्या पातेल्यात काय शिजतंय ते त्यांना फक्त वासावरून कळे. मग त्या पाटावर उभ्या राहून स्वयंपाक करू लागल्या. एके सकाळी पाट सरकला. हातात तापलेल्या तव्याची सांडशी. नशिबानं तवा मोरीत पडला आणि काकू बेसिनला धरून लोंबकळल्या, पण मनगट चांगलंच सुजलं. त्या रडल्या नाहीत. लेप लावून घेतला, डाव्या हाताने पिशवी भरली आणि दारामागे ठेवली. म्हणाल्या, "एक तर ह्या टेबलाचे पाय कापा, नाय तर मी लेकीकडं निघाले. कायमची."

काकूंना मी कधी उगाच बोलताना ऐकलेलं नव्हतं. सुतार आला. त्यानं करवत लावली मात्र, काकांनी टेबलाचा पाय दोन्ही हातांनी धरला. "अरं, ह्या टेबलावर किती पोरं बारावी झाली, माहितंय का? त्यातली दोन डाक्टर हायेत!" सुतार करवत घेऊन परत गेला. पिशवी चार दिवस दारामागेच राहिली. काकांनी स्वतः पोहे केले आणि दोन घास खाऊन ताट सरकवलं.

पाचव्या दिवशी काका जुन्या बाजारातून मिस्त्रीला घेऊन आले. अंगणातल्या आणि न्हाणीतल्या जुन्या शहाबादी फरश्या उखडून त्यांनी स्वयंपाकघरात थरावर थर रचायला लावल्या. बेसिन आलं म्हणून रिकामी झालेली मोरीही बुजवली आणि टेबलाचे पाय होते तिथंच ठेवून भोवतीची सबंध खोलीची जमीन वीतभर वर उचलली. मिस्त्री थापी टाकून हसत सुटला. "काका, टेबल नीचा करने कू बोले थे भाभी. तुम तो पूरा घर ऊंचा कर रै!" काका म्हणाले, "टेबल हाय तसंच हाय. कुणाचं नुकसान झालं का?"

नुकसान झालं ते काकांचंच. आता आत शिरलं की दारातल्या पायरीला ठेचकाळतात आणि सावरून मान वर केली की कपाळ माळ्याला आपटतं. दारालगतच्या फ्रिजचं दार त्या पायरीला अडून अर्धंच उघडतं. पण काकू मात्र टेबलापाशी सरळ उभ्या राहून भाकरी थापतात. दारामागची पिशवी त्यांनी गुपचूप रिकामी केली.

एवढ्यावर मी हा लेख हसत संपवणार होतो. पण परवा काका माझ्या खोलीत आले, कोरं शब्दकोडं हातात घेऊन, आणि उगाच पुस्तकं चाळल्यासारखं करत म्हणाले, "तुझ्या काकूला वरच्या फळीवरचं काही लागत नाय का रं आताशा?" तेव्हा माझ्या लक्षात आलं, जमीन उंच झाल्यापासून ती हाक बंद झाली होती. आत डबा वाजला की बाहेर काका खुर्चीतून अर्धे उठत आणि पुन्हा बसत.

मी हे काकूंना सांगितलं. त्या पीठ मळत राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेत तिथंच उभा असताना त्यांचा हात फळीवरच्या पोह्यांच्या डब्यापर्यंत गेला, तिथं थांबला आणि खाली आला.

"अवो," त्यांनी हाक मारली, "तेवढा डबा काढून द्या."

पेपर आपटला. "माझ्यावाचून ह्या घरात..." करत काका आले, ठेचकाळले, माळ्याला कपाळ आपटून घेतलं, डबा काढून दिला आणि कपाळ चोळत, पण ताठ मानेनं बाहेर गेले. काकूंनी डबा उघडलाच नाही. बाहेर खुर्ची कुरकुरल्याचा आवाज येईपर्यंत तो पोटाशी धरून उभ्या राहिल्या आणि मग अलगद होता तिथं परत ठेवून दिला.