कागदाच्या तळाची आद्याक्षरं

तूदा,

तू गेलीस, आणि तुझ्या बहिणीच्या, फद्माच्या, तेलघाण्यावरच्या बायकांना तुझ्याबद्दल चार शब्द हवेत, भिंतीवर लावायला. 'शांत, मनमिळाऊ' असं काहीतरी. तू कुठली मनमिळाऊ! डूख धरणारी बाई होतीस, आणि मला तेच आवडायचं. तेव्हा घडलं तेच लिहिते.

राजधानीत, रबातच्या ऊर्जा खात्यात तू एकतीस वर्षं टायपिस्ट होतीस. पहिल्याच वर्षी तुझा साहेब, सी गस्सूस, यानं भर कचेरीत 'लल्ला', म्हणजे बाईसाहेब, म्हणत तुझ्या अंगावर पत्र फेकलं.

"लल्ला तूदा, अक्कल डोंगरात बकऱ्यांपाशी ठेवून आलात का? मजकूर ज्यानं सांगितला त्याची आद्याक्षरं खाली डावीकडे, मग तुमची. कायम!"

"कायम, सी," तू म्हणालीस. सगळी कचेरी हसली. तू नाही.

पुढे तो संचालक झाला. तिकडे डोंगरात, तुमच्या स्कूरा गावात, फद्मानं बारा बायका जमवून ऑलिव्हच्या घाण्यावर सौर पॅनेल बसवली. हंगाम जेमतेम तीन महिन्यांचा. उरलेले नऊ महिने वीज सरकारला विकायची, हा तिचा बेत. त्यासाठी नवा कायदा हवा होता. तो कसा जन्मला ते तू डोळ्यांनी पाहिलंस. सौर कंपनीचा वकील हातिम रुंदा संचालकाच्या खुर्चीत बसून, पुदिन्याचा चहा भुरकत, कलमं सांगत होता. संचालक खिडकीशी उभा राहून मान डोलवत होता. नववं कलम: छोट्या उत्पादकांना वीज विकता येणार नाही.

"छोटे म्हणजे केवढे, सी?" तू विचारलंस.

"तुम्ही टाइप करा, लल्ला," रुंदा म्हणाला. "आणि चहा संपलाय."

तू टाइप केलंस. तळाशी, हुकमाप्रमाणे, आधी 'ह. रुं.', मग तुझी अक्षरं. गस्सूसनं न बघता सही ठोकली. कागदाचा तळ बघणं हे आपल्यासारख्यांचं काम!

मसुदा संसदेच्या समितीत माझ्या टेबलावर आला. मी तिथली कारकून. तुला फोन लावला.

"अगं, हा ह. रुं. कोण? तुमच्या खात्यात तर असा कुणी नाही."

"मला कशाला विचारतेस? समितीत विचारायला लाव कुणाला तरी. गस्सूस समोर असताना."

मी विरोधी सभासदाच्या हातात चिठ्ठी सरकवली. त्यानं विचारलं. गस्सूस म्हणाला, "टायपिस्टची चूक." तुला बोलावलं.

"ह. रुं. म्हणजे हातिम रुंदा, सौर कंपनीचे वकील. मजकूर सांगणाऱ्याची अक्षरं टाका म्हणालात ना, सी? कायम."

नववं कलम तिथेच गळलं. फद्माची वीज विकली जाऊ लागली. तुला मात्र तळघरात जुन्या फायलींवर बसवलं, आणि गस्सूस निवृत्त होऊन रुंदाच्या कंपनीत सल्लागार झाला. तुझं समाधान कसलं होतंय!

शेवटच्या आजारात दवाखान्यात खाटेवरून तू मला नव्या तेलाची बाटली दिलीस, नवव्या कलमाच्या प्रतीत गुंडाळलेली.

"गस्सूसच्या दारात जा. म्हण, फद्माच्या विजेवर गाळलंय, तूदानं पाठवलंय. त्याचं तोंड नीट बघ आणि मला येऊन सांग."

त्याचं घर माझ्यापासून ट्रामनं दोन थांबे. त्याच आठवड्यात माझ्या जावयाला रुंदाच्या कंपनीत नोकरी लागली.

दोनदा विचारलंस, "कसं झालं गं तोंड?" दोन्ही वेळा मी म्हणाले, तो परगावी गेलाय.

बाटली माझ्या फळीवर आहे. कागदही सोडलेला नाही.